परशरामचे चार स्क्रू

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकबाईंचा फोन आला, आणि विषयही त्यांनीच सांगून टाकला. "डॉक्टर, तुमची गाजलेली ऑपरेशनं लिहा." आता बाईंना काय सांगायचं? मणक्याच्या डॉक्टरचं ऑपरेशन गाजतं ते बिघडलं तर. नीट झालं की पेशंट उठून घरी जातो, ऊस लावतो, म्हशी धुतो, आणि बाजारात भेटला तर ओळखसुद्धा देत नाही. त्यानं मला का आठवावं? आठवलो तर समजायचं, कंबर पुन्हा दुखायला लागली. तेव्हा गाजलेलं काही माझ्याकडे नाही. मी न केलेल्या एका ऑपरेशनाविषयी लिहितो. छापायचं तर छापा.

मी निपाणीचा. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती, वडील हमाली करायचे. त्यांच्या जिवावर शिकलो, हाडांचा डॉक्टर झालो, पुढे मणक्यांचा, आणि उभी हयात बेळगावात काढली. आमच्या ओपीडीत माणसं कन्नडमध्ये कण्हतात, मराठीत भांडतात आणि विम्याच्या माणसाशी हिंदीत बोलतात. मला तिन्ही भाषांत ओरडता येतं. माझी ख्याती तीच होती म्हणा ना. "हात चांगला हाय, पर तोंड वाईट," असं पेशंट एकमेकांना सांगायचे, आणि तरीही यायचे.

आमचं काम थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कमरेतला एखादा मणका जागचा सरकतो. सरकला की पायात जाणाऱ्या नसा चिमटतात. माणूस चार पावलं चालतो आणि दिसेल त्या कट्ट्यावर बसतो. औषधं, व्यायाम, पट्टा सगळं करून झालं तरी भागेना, तर आम्ही तो मणका आणि त्याच्या खालचा मणका जोडून टाकतो. दोन्ही मणक्यांत डावीउजवीकडे एकेक स्क्रू, म्हणजे चार स्क्रू. प्रत्येक बाजूच्या दोन स्क्रूंना जोडणारा एकेक बोटभर रॉड. मध्ये त्याच माणसाचं हाड बारीक करून भरायचं. ते हाड सावकाश वाढतं आणि दोन मणक्यांचा एक होतो. आम्ही त्याला 'हाड धरलं' म्हणतो. ते धरेपर्यंत मणके हलू नयेत म्हणून स्क्रू.

"मग धरल्यावर स्क्रूचं काय काम?" हा प्रश्न प्रत्येक पेशंट विचारतो. खरं उत्तर असं, की काही काम नाही. "मग काढायचे न्हवं?" नाही, काढायचे नाहीत. इथून भांडणाला सुरुवात होते.

लोकांचाही दोष नाही. आमच्या भागात प्रत्येक गल्लीत एक तरी माणूस असा असतो, की ज्याच्या पायातली लोखंडी पट्टी पुढे कधीतरी काढलेली असते, आणि तो ती कपाटातून आणून पाहुण्यांना दाखवतो. त्यामुळे अंगातलं लोखंड हे पाहुण्यासारखं, कधीतरी गेलंच पाहिजे, असं सगळ्यांना वाटतं. थंडीत गार पडतं का, गंजतं का, असलं काय काय विचारतात. खानापूरकडचा एक शेतकरी तर पावसाळ्यात रानात जाईना. म्हणे, वीज स्क्रूवर पडेल. मी म्हटलं, "अहो, वीज काय तुमचा एक्स-रे बघून पडते?" तो गेला रानात, पण माझ्यावर विश्वास ठेवून नाही, बायकोच्या शिव्यांमुळे.

काढायची वेळ येतेच, नाही असं नाही. पू झाला, स्क्रू सैल झाला, मोडला, किंवा टोचायला लागला, तर काढावे लागतात. संकेश्वरच्या एक आजी होत्या, अंगावर मूठभर मांस नाही. स्क्रूचं डोकं कातडीखाली बोटाला लागायचं. खुर्चीला टेकल्या की "आई गं" म्हणून उठायच्या. त्यांचे काढले, आजी खूश. पण उगाच काढायचे म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा पाठीचे स्नायू सोडवायचे, रक्त जाणार, जंतूंची भीती, आणि स्क्रू निघाले की हाडात भोकं राहणार. एक कॉलेजातले मास्तर कंबर दुखते म्हणून फारच मागे लागले. सगळं तपासलं, काही सापडलं नाही, तरी त्यांच्या आग्रहानं काढले. दुखणं होतं तिथंच राहिलं. ते स्क्रूमध्ये नव्हतंच. मग कुठं होतं, ते मला आजही सांगता येत नाही, आणि याची मला फार रुखरुख आहे.

आता परशराम. बेळगावातल्याच खासबागेत राहायचा. स्लॅबच्या सेंट्रिंगचा ठेकेदार. ठेकेदार म्हणजे खुर्चीतला नव्हे. माणसं कमी पडली की स्वतः लोखंडी प्लेटा डोक्यावर घेऊन शिडी चढणारा. त्यातच कंबर गेली. मी त्याला स्क्रू घातले, तो चालायला लागला, परत कामावर चढला. सगळं झकास. आणि मग एक दिवस, काही दुखत नसताना, ओपीडीत येऊन समोर बसला.

"डॉक्टर, स्क्रू काढा."

"दुखतंय?"

"न्हाय."

"टोचतंय? ताप येतोय? पायाला मुंग्या?"

"कायबी न्हाय. काढा."

"का पण?"

"तुम्हीच सांगितलासा न्हवं, स्क्रू म्हंजे सेंट्रिंग. स्लॅब वाळंपतूर टेकू. आता स्लॅब वाळला. मग सेंट्रिंग कोण ठेवतंय व्हय?"

झाली का पंचाईत! ऑपरेशनच्या आधी, याला समजावं म्हणून, हे मीच त्याला सांगितलेलं होतं. माणसाच्या धंद्यातलं उदाहरण दिलं की त्याला पटकन कळतं, ही माझी जुनी खोड. या माणसानं तेच उदाहरण उचलून माझ्या टाळक्यात घातलं. मी टाळकं चोळलं. मग म्हटलं, "परशराम, मी चुकीचं सांगितलं. स्क्रू म्हणजे सेंट्रिंग नव्हे, स्लॅबमधली सळई. स्लॅब वाळला म्हणून तुम्ही फोडून सळई काढता?"

तो हसला. "हे बरं सुचलं तुमास्नी," म्हणाला आणि उठून गेला. मला वाटलं, जिंकलो.

कसला जिंकतोय? थोड्या दिवसांनी स्वारी पुन्हा हजर. या वेळी बायकोला घेऊन. शेवंताबाई म्हणजे शांत बाई, नवरा बोलत असताना पदराशी चाळा करत बसणारी, पण मध्येच एखादं वाक्य असं टाकायची की नवऱ्याची गाडी थांबायची. परशराम म्हणाला, "हितं काढत नसलासा तर दुसरीकडं जातो. एका ठिकाणी विचारून आलोय. ते काढतो म्हणालेत."

आता मात्र मी घाबरलो. राग आला तो वेगळा. मी त्याचा सीटी स्कॅन करून घेतला. म्हटलं, हाड दोन्ही बाजूंना पक्कं धरलेलं असेल, तर निदान काढून घेतल्यावर याचं फार वाईट होणार नाही. स्कॅन लावला आणि बघत बसलो. एका बाजूला हाडाचा छान पूल झालेला. दुसऱ्या बाजूला मात्र पुसट. आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही. म्हणजे त्या बाजूचे स्क्रू कदाचित अजून ड्युटीवर होते. ते काढले आणि मणका परत सरकला, तर हा माणूस शिडी सोडा, संडासापर्यंतही नीट जायचा नाही. आणि बेळगावातली निम्मी घरं याच्या सेंट्रिंगवर उभी राहिलेली. कामाशिवाय हा माणूस जगणार कसा?

मी त्याला फिल्म दाखवून सगळं सांगितलं. त्यानं मान हलवली. "कळलं. पर मला काढायचेच हायत."

"अरे पण का?" मी ओरडलोच. बाहेरच्या बाकावरचे पेशंट सुम्म झाले, म्हणजे चिडीचूप.

शेवंताबाई हळूच म्हणाल्या, "ह्यांचं थोरलं भाऊ गेलं न्हवं, तवापास्नं हे चाललंय. त्यांच्या मांडीत रॉड हुता. रक्षाविसर्जनाला राखंत निघाला. आणि त्या दिशी कावळा काय शिवंना. किती येळ निवद ठेवून बसलो. लोकं बोलाय लागली, अंगात लोखंड हुतं, जीव त्यात अडकला."

जे आमच्या भागातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी सगळी भावकी, बायकासुद्धा, स्मशानात जाते. राख सावडतात, अस्थी गोळा करतात, गेलेल्याच्या आवडीचं जेवण ठेवतात आणि कावळा कधी शिवतो याची वाट बघत बसतात. आमच्यात, म्हणजे आम्हा बौद्धांत, हा कावळा नाही. माझ्या वडिलांनी आमच्या घरातून त्याला कधीच हाकलला. त्यामुळे शेवंताबाईंचं बोलणं ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं.

"म्हणजे कावळ्यासाठी ऑपरेशन?" मी सुरू झालो. "एक पक्षी भात खाईना म्हणून मी तुमची पाठ फाडू? अहो परशराम, तुम्ही शहाणेसुरते, पोरगी तुमची, रूपा, कारखान्यात हिशेबाचं काम बघते, आणि तुम्ही कावळ्याला विचारून कंबर मोडून घेणार? त्या दिवशी कावळ्याचं पोट भरलेलं असेल! माझे वडील गेले, आम्ही कावळ्याला बोलावलंसुद्धा नाही, काय अडलं?" असं बरंच. मी विज्ञान सांगितलं, बाबासाहेब सांगितले, स्क्रूतलं टायटॅनियम सांगितलं. पार घसा कोरडा पडेपर्यंत बोललो.

परशरामनं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डॉक्टर, झालं तुमचं? आता माझं ऐका. कावळ्याचं मला काय न्हाय. ते हिच्या डोक्यात. अण्णाचा रॉड राखंत निघाला, तवा आमच्या चुलत्यानं काठीनं बाजूला सारला. म्हणाला, हे आपलं न्हवं. मग तिथं काम करणारा माणूस आला, त्यानं उचलून पोत्यात टाकला. मी जाऊन बघितलं, पोत्यात काय हुतं. खिळे-मोळे, तारा, बिजागऱ्या. भंगार डॉक्टर, भंगार! अण्णा त्या रॉडवर चालला. त्याच रॉडवर पोरीच्या लग्नात नाचला. आणि मेल्यावर ते आपलं न्हवं? भंगारवाला तागडीत घालणार त्येला? मी लोखंडातला माणूस हाय. भंगाराचं काय हुतंय मला म्हाईत हाय. माजं तसं व्हायला नगं. जित्तेपणी काढा, मी माज्या हातानं कुठंतरी ठेवतो."

मी खुर्चीत मागे टेकलो. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू? इतका वेळ मी ज्याच्याशी भांडत होतो तो कावळा खोलीत नव्हताच. समोर एक माणूस बसला होता आणि त्याला एवढंच हवं होतं, की मेल्यावर आपल्या पाठीतली वस्तू कुणी पोत्यात टाकू नये. एमबीबीएसला हे शिकवत नाहीत, पुढच्या डिग्रीलाही नाहीत.

"घरच्यांना सांगून ठेवा," मी म्हटलं. "रूपाला सांगा. ती घेईल काढून."

"रूपा घेईल, पर चुलते घेऊ देतील? त्या दिशी कोण कुणाचं ऐकतंय?"

आणि मग मी चिडून जे बोललो ते बोललो. "मग मी येतो! तुम्ही गेलात की मी स्वतः येतो आणि माझं सामान मी घेऊन जातो. मी घातलंय, मीच नेतो. भंगारात जाऊ देत नाही. झालं समाधान? आता तरी ते ऑपरेशनाचं खूळ सोडा."

बोललो आणि जीभ चावली. परशराम मात्र खुर्चीत सरसावून बसला.

"शब्द?"

आता मागे कसा फिरणार? "शब्द," मी म्हटलं.

"आणि तुम्ही आदी गेलासा तर?"

"तर तिकडं येऊन माझ्याशी भांडा."

शेवंताबाई तोंडाला पदर लावून हसल्या. परशरामनं फिल्म पाकिटात घातली, माझा हात हातात घेऊन दाबला आणि निघाला. दुसरीकडे काही गेला नाही. पुढे कितीतरी वर्षं तो स्लॅब टाकत राहिला. रस्त्यात भेटला की गाडी थांबवून विचारायचा, "डॉक्टर, शुगर तपासलासा काय? तब्येत जपा. तुमचं एक काम ऱ्हायलंय." मी दवाखाना बंद केला तेव्हा हार घेऊन आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "रिटायर झालासा तरी माजं काम सुटत न्हाय हां." लोकांना वाटलं, कसला तरी विनोद चाललाय. मलाही तो विनोदच वाटायला लागला होता.

मग एका सकाळी रूपाचा फोन आला. "डॉक्टर, बाबा गेले. काल. हार्ट अटॅक आला. कुणाला कळवायचंच सुचलं न्हाय." मग म्हणाली, "उद्या रक्षाविसर्जन हाय. आई म्हणते, तुम्ही येतो म्हणालता. तुमास्नी जमलं न्हाय तरी राग न्हाय. मी आपलं सांगून ठेवते."

दिवसभर मी घरात येरझाऱ्या घातल्या. खरं सांगतो, जाऊ नये असं वाटत होतं. चिडून दिलेला शब्द तो, कुणी धरून बसणार नव्हतं. शिवाय मी तिथं जाऊन काय सांगणार? आणि आणखी एक गोष्ट होती. आमच्या आजोबांच्या काळात गावच्या चितेची लाकडं आमची माणसं वाहून न्यायची. लाकडं चालायची, माणूस चालायचा नाही. त्या राखेजवळ उभं राहायचीही त्यांना मुभा नव्हती. मी इतक्या मराठ्यांच्या पाठी उघडल्या, रक्तात कोपरापर्यंत हात घातले, कधी मनात काही आलं नाही. पण त्यांच्या राखेत हात घालायचा म्हटल्यावर पाऊल उंबऱ्याबाहेर पडेना. बायको म्हणाली, "शब्द दिलाय ना? मग जा. उगा घरात फिरून मला चक्कर आणू नका."

गेलो. भावकी जमलेली. चितेवर दूध-पाणी शिंपडून झालं होतं, राख अजून कोमट होती. मी चपला काढून पुढे झालो, तसा एक म्हातारा म्हणाला, "हे कोण पावणं?" माझे पाय तिथंच थांबले. कोण काय बोलेल याची मी वाट बघत राहिलो. शेवंताबाई बायकांतून उठून आल्या. रडून डोळे सुजले होते, पण आवाज स्पष्ट होता. "ह्यांचं डॉक्टर हायत. आदी त्यांचं काम. मग तुमचं. सरा जरा मागं." म्हातारा सरला. सगळेच सरले.

मी गुडघ्यावर बसलो आणि राखेत हात घातला. आयुष्यभर हातमोजे घालून ज्या जागेत बोटं चालवली, तीच जागा शोधत होतो. एक रॉड हाताला लागला. दोन्ही स्क्रू त्याला धरून होते, बाकी सगळं झडून गेलं होतं. काळपट, निळसर झालेला, पण धड. मी तो रुमालावर ठेवला. मागे रूपाचा हुंदका ऐकू आला.

दुसरी बाजू पटकन सापडेना. मी हळूहळू राख बाजूला करत गेलो. सगळे थांबले होते, कुणी घाई केली नाही. मग हाताला एक ढेकूळ लागलं. वर काढून फुंकर घातली. दोन मणक्यांचे तुकडे होते, पण दोन नव्हते. एक होते. मध्ये हाडाचा पूल, मी भरलेल्या हाडाचा, जळून पांढरा झालेला पण अखंड, आणि त्या हाडानं रॉड आणि दोन्ही स्क्रू असे आवळून धरलेले की धातूचा नुसता काठ दिसत होता. ही स्कॅनमधली चांगली बाजू की पुसट दिसलेली? खूप फिरवून बघितलं. डावं-उजवं राखेत कळत नाही. त्या दिवशी काढून दिले असते, तर काही झालं नसतं की सगळंच झालं असतं, हे मला आता कधीच कळणार नाही.

पण शब्द चारही स्क्रूंचा होता. मी अंगठ्यानं स्क्रूचं डोकं जरा दाबून बघितलं. हाडाचा चुरा बोटांवर आला. जोर लावला असता तर स्क्रू सुटले असते, आणि परशरामच्या मणक्याची राख झाली असती. मी अंगठा उचलला. काढू की नको, हे मी जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं. आता मलाच कळेना.

शेवंताबाई माझ्या शेजारी येऊन खाली बसल्या. त्यांनी ते ढेकूळ बघितलं, हाडात रुतलेला धातू बघितला.

"काढाय गेल्यावर मोडंल न्हवं?" त्यांनी विचारलं.

"मोडेल," मी म्हटलं.

"मग ऱ्हाऊ द्या डॉक्टर. त्येनं धरलंय त्येला. आता ते तुमचं न्हवं. आमचंच हाय."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी ते ढेकूळ त्यांच्या ओंजळीत ठेवलं आणि हात मागे घेतला.